बिबट्या दिसल्यास धावू नये

बिबट्या समोर आला तर काय करावं, याबद्दल वनखात्याचा सल्ला स्पष्ट आहे. पळू नये. खाली वाकू नये. पहाटे किंवा तिन्हीसांजेला जंगलाच्या कडेने एकट्याने हिंडू नये. ताठ उभं राहावं, हात वर करून जमेल तेवढं मोठं दिसावं आणि त्याला निघून जायला वाट ठेवावी.

आता बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पहाटे येणाऱ्या ट्रेल रनरकडे, म्हणजे रानवाटांवर धावणाऱ्याकडे, पाहा. तो मुळात पळायलाच आलेला असतो. अंधार असतानाच आलेला असतो. ग्रुपमधल्या इतरांचा वेग झेपत नाही म्हणून थोड्याच वेळात एकटा पडलेला असतो. बुटाची नाडी बांधायला घडोघडी वाकतो. आणि मोठं दिसण्याचं म्हणाल, तर गेले सहा महिने त्याचा, त्याच्या डाएटिशियनचा आणि त्याच्या बायकोचा सगळा आटापिटा तो लहान दिसावा यासाठीच चाललेला असतो.

इतकं सगळं सल्ल्याच्या उलट करूनही बिबट्या सहसा त्याच्या वाटेला जात नाही. याचं श्रेय धावणाऱ्याच्या सावधपणाला देता येत नाही. बिबट्याच्या समजूतदारपणाला द्यावं लागतं.

बिबट्याला समजूतदार होण्यावाचून गत्यंतरही नाही म्हणा. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल. एका अंगाला बोरिवली-कांदिवली, दुसऱ्या अंगाला ठाणे-मुलुंड, मध्ये तुळशी आणि विहार हे तलाव, कान्हेरीची शंभरावर लेणी, आदिवासी पाडे, आणि या सगळ्यांत मिळून कॅमेऱ्यांनी मोजलेले पन्नासेक बिबटे. एवढ्या दाटीत कसं राहायचं ते बिबट्याने ठरवून टाकलं आहे. रात्री कामाला बाहेर पडायचं, शेजाऱ्यांच्या नजरेस पडायचं नाही, मिळेल ते खायचं आणि उजाडायच्या आत घरी परतायचं. मुंबईत नाइट शिफ्ट करणारी माणसं याहून वेगळं काय करतात?

आणि मिळेल ते खायचं म्हणजे बऱ्याचदा भटकं कुत्रं खायचं. २०१८ साली काही अभ्यासकांनी याचा रीतसर हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाने इथले बिबटे वर्षाला दीड हजाराच्या आसपास कुत्री खातात, आणि त्यामुळे माणसांना होणारे हजारेक चावे टळतात. धावणाऱ्या कुणालाही हा निष्कर्ष वाचून गहिवरून येईल. कारण त्याचं खरं वैर बिबट्याशी नसतं, गल्लीतल्या कुत्र्याशी असतं. चालणाऱ्या माणसाला कुत्रं काही म्हणत नाही, धावणाऱ्याला मात्र ते चोर समजतं. पहाटे साडेचारला, चकाकते पट्टे लावलेल्या तोकड्या कपड्यांत, तोंड उघडं टाकून येणारा माणूस पाहून दुसरं काही समजणं कठीणच आहे. तेव्हा मुंबईतल्या धावपटूंनी आपल्या संघटनेचं मानाचं अध्यक्षपद कुणाला द्यायचं झालं, तर एखाद्या नटाला न देता बिबट्याला द्यावं. सत्काराला तो येणार नाही, एवढीच अडचण. पण नटही येत नाहीतच.

*

हे सगळं सांगणारा मी मोऱ्याचा. भाऊच्या धक्क्यावरून जी लाँच सुटते ती उरणच्या या मोरा बंदराला लागते. लागते म्हणजे समुद्राच्या मनात असलं तर लागते. बंदरात गाळ इतका साचतो की मोठी ओहोटी असली की लाँच धक्क्यापर्यंत येऊच शकत नाही, आणि मग काही तास वाहतूक बंद. त्यामुळे आमच्याकडे माणूस धावतो तो लाँचसाठी. त्याच्या धावण्याला सुरुवात असते, शेवट असतो, आणि शेवटी बसायला बाकही असतो. धक्क्यावरून पळत येऊन लाँचमध्ये उडी टाकणारी आणि डोक्यावरची पाटी तसूभर हलू न देणारी मासळीवाली मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तिला कुणी ॲथलीट म्हटलं तर ती त्याला उरलेले बोंबील विकून जाईल.

अशा गावात काही पकडायचं नसताना धावणं हे लोकांना पटवणं अवघड जातं. आमच्या शेजारी एक नाखवा राहतात. दर्यात आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी माझे नवे बूट हातात घेऊन, उलटे करून, होडीचा तळ तपासावा इतक्या बारकाईने पाहिले आणि किंमत विचारली. मी थोडी कमी करून सांगितली.

"जल्ला, येवरे पैशे देऊन धावाचा?" नाखवा म्हणाले. "आमी तं फुकट धावताव."

त्यांचा हा समज पक्का व्हायला अटल सेतूही कारण झाला. १२ जानेवारी २०२४ ला हा सुमारे २२ किलोमीटरचा पूल सुरू झाला. त्यावर पायी जायला बंदी, दुचाकीला बंदी. आणि पुढच्याच महिन्यात एका सकाळी त्याच पुलावर मॅरेथॉन झाली. नाखवांनी दोन्ही बातम्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांना जो अर्थ लागला तो असा, की पुलावर चालत गेलं तर दंड होतो, पण आधी पैसे भरून पळत गेलं तर मेडल मिळतं. यात चूक काढून दाखवावी असं पुष्कळ वाटलं. सापडली नाही.

उरणला डोंगर नाहीत असं नाही. द्रोणागिरी आहे, वर पडका किल्ला आहे. पण त्याच्या पायथ्याशी ओएनजीसीचा प्रकल्प आहे. आणखी काही भागाला नौदलाचं कुंपण आहे, कारण तिथे दारूगोळा असतो. अशा परिसरात अंधारात डोक्याला दिवा बांधून आणि पाठीला नळी लोंबणारी पिशवी लावून पळणाऱ्या माणसाला आधी थांबवतात, आणि छंद वगैरे मग विचारतात. म्हणून मोऱ्याच्या माणसाने जंगलात धावायचं ठरवलं तर त्याला समुद्र ओलांडून बोरिवलीला जावं लागतं.

आणि पहाटे बोरिवलीला पोचायचं तर आदल्या रात्री कांदिवलीच्या आत्याकडे मुक्काम आला. आत्याचं माझ्या धावण्याविषयी काही म्हणणं नाही. तिचं म्हणणं रात्रीच्या जेवणाविषयी असतं. ग्रुपच्या कोचने कार्बोहायड्रेट खा म्हणून सांगितलेलं असतं, आणि आत्याने हा विषय कोचच्या जन्माच्या आधीपासून हाताळलेला असतो. तिसऱ्या पुरणपोळीवर तूप घालत ती विचारते, "उद्या किती पळणार?" मी आकडा सांगतो. त्यावर ती शांतपणे म्हणते, "एवढं लांब जातोच आहेस तर येताना दुधाच्या दोन पिशव्या आण." अल्ट्रा मॅरेथॉनच्या जगात ज्याला सपोर्ट क्रू म्हणतात तो माझ्या बाबतीत हा असा आहे.

*

ट्रेल रनरचा सरंजाम पाहिला की वाटतं, हा माणूस आठवडाभर परतणार नाही. पाठीवर दीड लिटर पाण्याची पिशवी, तिची नळी तोंडाशी. छातीवर दोन खिसे, त्यात इलेक्ट्रलची पुडी, खजूर, ताकदीच्या जेलची दोन पाकिटं. गळ्यात शिट्टी. डोक्याला दिवा. हातात दुमडायच्या काठ्या. आणि पायांत दहा-बारा हजारांचे बूट, ज्यांच्या तळाला चिखल पकडायला रबरी दात असतात.

आता गंमत अशी की उद्यानाच्या गेटपासून कान्हेरीपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता डांबरी आहे. आतल्या पायवाटांवर वाटेल तेव्हा शिरता येत नाही. शिलोंड्यासारख्या वाटेवर जायचं तर वनखात्याची परवानगी आणि सोबत माणूस लागतो, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे बहुतेक दिवशी परिस्थिती अशी असते की बूट चिखलाचे, रस्ता डांबराचा. यावर धावणाऱ्यांनी उपाय शोधला आहे. डांबराच्या कडेला हातभर रुंदीची मातीची पट्टी असते. तिच्यावरून, मध्येच उगवलेला विजेचा खांब चुकवत, सगळी मंडळी एका रांगेत पळतात. शेजारचा रुंद, गुळगुळीत, मोकळा रस्ता त्यांच्याकडे पाहत असतो.

निघण्याआधी सगळी घड्याळं उपग्रहाशी जोडली जावी लागतात. तोवर कुणी पाऊल टाकत नाही. झाडांखाली सिग्नल मिळायला वेळ लागतो, म्हणून वीस-पंचवीस मोठी माणसं मनगट आकाशाकडे करून स्तब्ध उभी राहतात. ताठ उभं राहणं आणि हात वर करणं या वनखात्याच्या दोन सूचना एवढ्या एका वेळी मनापासून पाळल्या जातात.

परतताना याच घड्याळापायी दुसरा एक सोहळा होतो. गेटपाशी पोचल्यावर कुणाच्या घड्याळात नऊ किलोमीटर आठशे साठ मीटर आलेले असतात. दहा झाल्याशिवाय स्ट्राव्हा या ॲपवर टाकण्यात अर्थ नसतो. मग तो गृहस्थ तिकीट खिडकी, सायकल भाड्याने देणारा आणि काकडीवाल्या बाई यांच्याभोवती घिरट्या घालू लागतो. बँकेत शाखा व्यवस्थापक असलेला, घरी दोन मुलांचा बाप असलेला माणूस. एकदा एक सुरक्षारक्षक त्याला म्हणाला, "साहेब, काय हरवलंय का?" साहेबांचे एकशे चाळीस मीटर हरवलेले होते.

उद्यानात जुन्या फिरायला येणाऱ्यांचं एक वेगळं संस्थान आहे. त्यांच्याकडे पास असतात, ठरलेले कट्टे असतात आणि धावणाऱ्यांविषयी ठाम मतं असतात. त्यातले एक गुजराती काका आम्हाला पाहिलं की ठेपल्यांचा डबा उघडतात. चढाच्या मधोमध. थांबलो तर घड्याळातला वेग बिघडतो, न थांबलो तर काका बिघडतात. बहुसंख्य लोक काकांना सांभाळतात, आणि स्ट्राव्हावर त्या तीन मिनिटांच्या थांब्याला 'हायड्रेशन' म्हणतात.

*

ट्रेल रनिंगमधलं सगळ्यात मोठं गुपित आता सांगून टाकतो. या खेळात लोक चालतात. चढ लागला की चालायचं, हा नियमच आहे. जगातले मोठमोठे ट्रेल रनरही उभ्या चढावर चालतात. त्याला पॉवर हाइकिंग म्हणतात. हात मांडीवर दाबून, कमरेत वाकून, धापा टाकत चढायचं. आमच्या ग्रुपमध्ये या तंत्रावर एक तासाचं शिबिर झालं. तोच चढ काकड्यांची पाटी डोक्यावर घेतलेल्या पाड्यावरच्या एक मावशी स्लिपर घालून चढून गेल्या आणि वर थांबून आमच्याकडे पाहू लागल्या.

"दम लागला का?" त्यांनी विचारलं. "बसा जरा. कुठं जायचंय?"

"कुठं नाही, परत गेटवर."

"गेटवरूनच आलात ना?"

"हो."

मावशींनी पाटी सारखी केली. "मग तिथंच बसायचं होतं," म्हणाल्या आणि निघाल्या.

मावशींचा मुद्दा नाखवांच्या मुद्द्यापेक्षा खोल आहे. पैशाचं काहीतरी उत्तर देता येईल, जाण्याचं देता येत नाही. शहरात आपण जिथे जिथे घाई करतो तिथे काहीतरी सुटणार असतं. लोकल, लाँच, मीटिंग, तत्काळचं तिकीट. जंगलात काहीच सुटत नाही. तरीही आपण तिथे घाई करतो, कारण सोमवार ते शुक्रवार अंगात मुरलेली ती सवय शनिवारी घरी ठेवून येता येत नाही. ट्रेल रनिंग म्हणजे जिथे कुणालाच घाई नाही अशा ठिकाणी स्वतःची घाई घेऊन जाणं. आणि मग जंगल काय करतं, तर ती काढून घेतं. रस्त्यावर किलोमीटरला सहा मिनिटं लागणाऱ्या माणसाला दगड, मूळ, घसरणारा पाला आणि चढ मिळून नऊ-दहा मिनिटांवर आणतात. मान खाली घालून पुढचं पाऊल कुठे टाकायचं एवढंच पाहावं लागतं. फोन काढला की ठेच लागते. हळू जाण्याचे जे काही मार्ग माणसाने शोधले आहेत त्यांतला हा सगळ्यात महाग, पण गुण येणारा आहे.

बाकीचं जंगल आपापल्या वेळेने चाललेलंच असतं. कारवी घ्या. उद्यानाच्या डोंगरउतारावर ती माजलेली असते, पण फुलते आठ वर्षांनी एकदा. २००८ ला फुलली, २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. मधली सात वर्षं नुसती उभी. आणि तिच्यामधून जो माणूस जातो त्याचं मनगट दर किलोमीटरला थरथरून त्याचं अभिनंदन करत असतं. कान्हेरीच्या भिक्खूंचं पाहा. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांपासून हजारेक वर्षं तिथे वस्ती होती. सोपारा, कल्याणच्या वाटांनी माणसं पायी येत होती. पण पावसाळा लागला की भिक्खूंनी हिंडायचं नाही, एका जागी राहून वर्षावास करायचा, असा दंडक. आम्ही नेमके पहिल्या पावसाची वाट पाहतो. बुटांना दात कशासाठी आहेत?

माकडांचाही आपला एक शांत अभ्यास चालू असतो. जेल या पदार्थाविषयी धावणाऱ्यांत फार वाद आहेत, कुठलं चांगलं, कितव्या मिनिटाला घ्यावं वगैरे. एका माकडाने आमच्यातल्या एकाच्या खिशातून जेल काढून नेलं, दाताने पाकीट फोडलं, बोटाने चाखलं, आणि पाकीट खाली टाकून परत येऊन केळं नेलं. आमच्यातल्या काहींनी त्या दिवसापासून जेल सोडलं.

*

जंगलातून धावणं ही काही या पिढीची कल्पना नव्हे. पूर्वी जासूद-हरकारे हेच करत. टपालाची थैली खांद्यावर, हातात घुंगरं लावलेली काठी किंवा भाला, आणि रानावनातून धावत पुढच्या ठाण्यापर्यंत. घुंगरांचा आवाज ऐकून जनावर बाजूला होई. आज त्याच्या जागी काहीजण कमरेला ब्लूटूथ स्पीकर लावतात. परिणाम तोच होतो, फक्त जनावरांबरोबर माणसंही बाजूला होतात. फरक एवढाच की हरकाऱ्याला धावण्याचा पगार मिळे आणि थैलीत दुसऱ्याचा निरोप असे. आमच्या पाठीवरच्या थैलीत आमचंच पाणी असतं, आणि निरोप कुणी विचारला तर इन्स्टाग्रामवर टाकलेला असतो.

कामाचं धावणं हौसेचं होणं दुसऱ्या देशांतही घडलं आहे. हाँगकाँगसारख्या दाटीवाटीच्या शहरात जवळजवळ चाळीस टक्के जमीन राखीव उद्यानांखाली आहे. तिथे १०० किलोमीटरची मॅकलहोज ट्रेल आहे. १९८१ साली ब्रिटिश फौजेतल्या गुरख्यांनी सराव म्हणून ती वाट पार करायला सुरुवात केली. गुरखे ती करत होते कारण त्यांना तसा हुकूम होता. १९८६ साली नागरिकांना त्यात घेतलं, आणि तेव्हापासून लोक स्वतःहून, देणग्या गोळा करून ती करतात. सैनिकाला जी शिक्षा वाटावी ती गोष्ट सुखवस्तू माणसाला सुट्टीच्या दिवशी करावीशी वाटते. आपल्याकडे मावळ्यांनी ज्या वाटांवरून जिवाच्या भीतीने धाव घेतली असेल, त्या सिंहगड-राजगड-तोरण्याच्या वाटेवर आता एसआरटी अल्ट्रा होते. लोक महिनोन्‌महिने तयारी करतात. मागे मोगल कुणी नसतो. कट-ऑफ टाइम असतो.

पुण्याचा विषय निघालाच आहे तर वेताळ टेकडीला वगळून चालणार नाही. मुंबईकर जंगलात जातो, पुणेकर टेकडीवर जातो. बूट तेच, पण पुणेकर टेकडीला घरातलं माणूस समजतो. कोणत्या वळणावर मोर दिसतो, खाणीत पाणी कधी भरतं, कुणाचं कुत्रं कुठल्या वाटेने जातं, हे त्याला पाठ असतं आणि तुम्ही न विचारता तो सांगतो. धावताना सांगतो. चढावर. त्याला धाप लागत नाही, कारण मत मांडताना पुणेकराला धाप लागत नाही. पण याच लोकांनी २०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडीतून जाऊ घातलेल्या रस्त्याच्या आणि बोगद्यांच्या विरोधात मोठा मोर्चा काढला, हेही खरं. रोज सकाळी ज्या जमिनीवर पाय घासतो तिच्याविषयी माणसाला काहीतरी वाटू लागतं. पॉवर हाइकिंगचा हा फायदा कुठल्या शिबिरात सांगत नाहीत.

*

आता आमच्या बाजूलाही हे लोण आलं आहे. उरणची लोकल सुरू झाल्यापासून खारघर जवळ आलं. खारघरच्या डोंगरावर चढत जाणारा रस्ता आहे, वर फणसवाडी आणि चाफेवाडी हे पाडे आहेत. रविवारी पहाटे तिथे दिव्यांची रांग चढताना दिसते. फणसवाडीची पोरं कडेला उभी राहून पाहतात. जो माणूस सगळ्यात जास्त सामान घेऊन येतो तो सगळ्यात मागे असतो, हे त्यांच्या ध्यानात आलेलं आहे.

पनवेलजवळ कर्नाळा आहे, १९६८ सालचं पक्षी अभयारण्य. तिथे हरियाल आणि मोरटाका अशा दोन निसर्गवाटा आहेत. तिथे आत जाताना प्लास्टिक मोजून घेतात आणि अनामत ठेवून घेतात. बाटल्या परत आणल्या की पैसे परत. मला ही पद्धत फार आवडते. हीच पद्धत थोडी वाढवून आत जाणाऱ्याच्या स्पीकरवर, शिट्टीवर आणि "कमॉन गाइज" या आरोळीवर अनामत घ्यावी. पक्ष्यांसाठी राखलेल्या रानात धावत सुटायचंच नसतं. पक्षी बघायला आलेले लोक तिथे तासभर एका झाडाखाली उभे असतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते दहा किलोमीटर पूर्ण झालेल्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलेलं नाही. तिथे वेदना दिसते आणि फोटोपुरतं हसू.

उरण तालुक्यातल्या माणसाला जंगलात जाण्याविषयी थट्टा करताना एका ठिकाणी मात्र थांबावं लागतं. चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. ज्या रानातून पिढ्यान्‌पिढ्या लाकूडफाटा आणि गवत आणलं, तिथे सरकारी कायद्याने मज्जाव केला, म्हणून आसपासच्या गावांतली शेतकरी, आगरी, आदिवासी माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन डोंगरावर गेली. गोळीबार झाला. आठजण हुतात्मा झाले. अजूनही दर वर्षी त्या दिवशी तिथे मानवंदना होते. नाखवांच्या घरात ही गोष्ट आजोबांनी सांगितलेली म्हणून चालत आलेली आहे. त्यामुळे माझे बूट पाहून ते हसले तरी, तिकीट काढून जंगलात जातो म्हटल्यावर मात्र हसले नव्हते.

जंगलात कुणी जायचं, किती जायचं, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. शहरातल्या माणसाला तो शनिवार-रविवारपुरता पडतो. पाड्यावरच्या मावशींना तो रोज पडतो, आणि बिबट्याला रोज रात्री. पाड्यांवर वाघोबाला मानतात, त्याची पूजा करतात, आणि त्याच्या हद्दीत वागायचं कसं याची रीत मोठ्यांकडून लहानांकडे येते. आमच्याकडे हद्दीविषयी जे काही आहे ते ॲपच्या 'सेटिंग्ज'मध्ये आहे.

आता या जंगलाच्या खालूनही माणसं जाणार आहेत. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम चालू आहे. रस्ता सुमारे बारा किलोमीटरचा, त्यातला बहुतेक भाग उद्यानाच्या पोटातून. घोडबंदरला वळसा घालून जायला जो तास-दीड तास लागतो, तो पंधरा मिनिटांवर येईल असं सांगतात. म्हणजे एकाच डोंगरावर वर किलोमीटरला नऊ मिनिटं आणि खाली किलोमीटरला एक-सव्वा मिनिट, असे दोन वेग एकाच वेळी चालू राहतील. कारवीला आणि बिबट्याला यातल्या कुठल्याच वेगाशी काही देणं-घेणं असणार नाही. त्यांना फक्त वरचं शाबूत राहिलं म्हणजे झालं.

या बोगद्याने वाचलेल्या वेळाचं ठाणेकर काय करतील, याची मला खात्रीने कल्पना आहे, कारण त्यांतले बरेच आमच्या ग्रुपमध्ये आहेत. ते पहाटे उठतील, नवे बूट घालतील, बोगद्यातून सुसाट बोरिवलीला येतील, आणि ज्या डोंगराखालून पंधरा मिनिटांत आले त्याच डोंगरावर दोन तास धापा टाकत चढतील. पार्किंग मिळालं तर.